एचव्ही३० अडॅप्टर अपडेट: हॉटस्पॉट गेला, पण आकाशात रंगीत कडी

हॉटस्पॉट गेला, मंडळी! माझा हा अडॅप्टर कॅननच्या एचव्ही३० कॅमकॉर्डरपुढे फोटो कॅमेऱ्याच्या लेन्स बसवण्यासाठी आहे, आणि हॉटस्पॉट म्हणजे फ्रेमचा मधला भाग उजळ नि कोपरे काळपट दिसणं. पांढऱ्या भिंतीवर ५० मिमी निकॉर एफ १.८ वर ठेवून शूट केलं आणि फुटेज वेव्हफॉर्मवर (फ्रेमभरची उजळता दाखवणाऱ्या आलेखावर) टाकलं. आजवर मध्ये फुगलेली नि दोन्ही टोकांना घसरलेली रेषा यावेळी जवळपास सपाट आली. बराच वेळ मी नुसता तो आलेख बघत बसलो होतो. त्याच आनंदात कॅमेरा ढगाळ आकाशाकडे वळवला आणि फ्रेमच्या मधोमध फिकट इंद्रधनुषी कडी दिसली. ती नुसती दिसत नव्हती, हलतही होती.

जुळणी मागच्या वेळचीच आहे: ४३ मिमी थ्रेडवर स्टेप-अप रिंग, जवळून फोकस करू देणारं +१० अ‍ॅक्रोमॅट, ५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवर घासलेली १.५ मिमी जाडीची जीजी (ग्राउंड ग्लास, म्हणजे जिच्यावर लेन्सची प्रतिमा पडते ती धूसर काच), काचेचा दाणा दिसू नये म्हणून ती हलवणारी मोबाइलची व्हायब्रेटर मोटर आणि पुढे निकॉन एफ माउंट. ४६.५ मिमीचं फ्लँज अंतर (माउंटपासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं) आता इतकं नीट बसलंय की लेन्सवरच्या अनंत खुणेलाच दूरचे दिवे टोकदार येतात. त्याला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, पण पुढे वाचा.

आधी कोपऱ्यांबद्दल. जीजी कितीही छान घासली तरी ती प्रकाश सगळीकडे सारखा उधळत नाही, बराचसा आला त्याच दिशेने पुढे जातो. मधले किरण सरळ कॅमकॉर्डरच्या लेन्समध्ये शिरतात, कोपऱ्यातले तिरके बाहेर पडून वाया जातात. अ‍ॅपर्चर बारीक केलं की किरणांचा शंकू अरुंद होतो आणि हॉटस्पॉट आणखी उठून दिसतो. म्हणून नुसतं बारीक घासून हा प्रश्न सुटत नाही, हे माझं ठाम मत झालंय. किरण आत वळवायला कंडेन्सरच हवा.

१५० मिमी फोकल लेंग्थचा एक सपाट-बहिर्गोल कंडेन्सर जीजीच्या मागे लावला, तर फरक पडला पण अर्धवट. ७५ मिमीच्या एकाच भिंगाने कोपरे उजळले, मात्र कडेच्या सरळ रेषा वाकल्या आणि त्यांना जांभळी किनार आली. उत्तर मिळालं ते जुन्या फोटो एन्लार्जरमध्ये. तिथे दोन सपाट-बहिर्गोल भिंगं फुगीर बाजू समोरासमोर ठेवून बसवलेली असतात. मग १५० मिमीची दोन भिंगं तशीच बसवली. एकत्रित फोकल लेंग्थ तीच, साधारण ७५ मिमी, पण वाकण्याचं काम चार पृष्ठभागांत वाटलं गेल्याने रेषा बऱ्याच सरळ झाल्या. ३५ मिमी फ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी असतो, त्यामुळे ५० मिमी व्यासाची भिंगं पुरतात. जोडीमुळे जीजीची प्रतिमा किंचित मोठी दिसते, म्हणून झूम थोडा मागे घ्यावा लागला.

किंमत मोजावी लागते ती प्रकाशात. कोटिंग नसलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे चार पृष्ठभागांत १५ टक्के गेले. शिवाय फ्रेममध्ये दिवा आला की त्याची भुतं (फिकट प्रतिबिंबं) दिसतात. कोटिंग असलेली भिंगं मिळाली तर तीच घ्या. आणि विकणारा व्यास, फोकल लेंग्थ, कडेची जाडी हे तिन्ही आकडे देत नसेल, नुसतं ‘भिंग’ म्हणत असेल, तर तिथून घेऊ नका. अ‍ॅक्रिलिकची तर मुळीच नको, पहिल्याच पुसण्यात चरे पडतात.

आता कडी. मला आधी कंडेन्सरच्या जोडीवरच संशय आला, पण दोन फुगीर बाजूंना एकमेकींपासून दूर ठेवणारी रिंग मध्ये आहे आणि ती पक्की आहे. मोटर बंद केली तर कडी तशीच, फक्त स्थिर. भिंतीवर शूट करताना एकही कडं नाही. घरातही नाही. फक्त आकाशात. प्रकाशाचा संबंध असेल म्हणून भिंतीवरच जास्त दिवे टाकून पाहिलं, तरी काही नाही. लेन्स बदलली, अ‍ॅपर्चर बदललं, तरी आकाशात कडी तिथेच.

धागा सापडला तो आवाजात. फुटेजचा आवाज सहसा मी बंदच ठेवतो, यावेळी चालू राहिला. कॅमेरा वर झुकतो त्या क्षणी मोटरची घरघर एकदम खालच्या सुरात जाते! मोटरवर काहीतरी ओझं येत होतं. मग कॅमेरा छताकडे वळवून पाहिलं आणि घरातही कडी हजर झाली. म्हणजे प्रश्न आकाशाचा नव्हता, कोनाचा होता. जीजी मऊ सिलिकॉनच्या ठोकळ्यांवर तरंगते. कॅमेरा वर झुकला की तिचं वजन मागे येतं आणि तिची गुळगुळीत पाठ कंडेन्सरच्या सपाट बाजूला जाऊन टेकते. दोन गुळगुळीत काचांमध्ये काही मायक्रॉनची फट राहिली की दोन्हीकडून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि न्यूटनची वलयं दिसतात. कंपनामुळे फट कमी-जास्त होते, म्हणून ती हलत होती. स्लाइड काचेत बसवणाऱ्यांना हे दुखणं जुनंच आहे. त्यासाठीच एका बाजूने किंचित खरखरीत केलेली काच वापरतात.

सोपा उपाय म्हणजे ठोकळे कडक करणं. करून पाहिलं, कडी गेली, पण कंपन बॉडीत उतरलं आणि माइकमध्ये नुसती घरघर भरली. शिवाय काच पुरेशी फिरेना, त्यामुळे दाणा परत दिसू लागला. १/५० शटरला काचेच्या निदान दोन-तीन फेऱ्या पूर्ण व्हायलाच हव्यात. मोटर मिनिटाला ९,००० फेऱ्या घेत असेल तर तीन होतात, पण काच अडली तर त्या फेऱ्यांचा उपयोग नाही. मऊ ठोकळे परत आले.

मग कंडेन्सर १ मिमी मागे सरकवण्यासाठी रिंग कापायची, असं इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. पण वरचं स्लाइडच्या काचेचं वाक्य लिहितानाच सुचलं, की माझ्याकडे खरखरीत बाजू आहेच की! जीजी उलटी बसवली तर घासलेली बाजू कंडेन्सरकडे येईल आणि वलयांचा प्रश्नच मिटेल. शिवाय लेन्स बदलताना धूळ आणि बोटं आता घासलेल्या बाजूवर येतात, ती मागच्या बंद कप्प्यात सुरक्षित राहील.

फ्लँजचं गणित मात्र बदलतं. प्रतिमा आता काचेतून जाऊन मागच्या पृष्ठभागावर पडेल आणि काच फोकस जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे ढकलते. १.५ मिमीला ०.५ मिमी. म्हणजे घासलेली बाजू माउंटपासून ४६.५ ऐवजी ४७ मिमीवर हवी. काचेचा पुढचा पृष्ठभाग त्यामुळे ४५.५ वर येईल, म्हणजे अख्खी जीजी लेन्सकडे १ मिमी सरकवायची. आणि ती पुढे सरकली की मागची फट आपोआप १ मिमीने वाढते! कंडेन्सरला हातही लावायचा नाही.

एकच धास्ती आहे: खरखरीत बाजू कधी टेकलीच तर कंडेन्सरला चरे पडतील. म्हणून प्रतिमेच्या बाहेर, काचेच्या अगदी कडेला पातळ प्लॅस्टिकची अडण-रिंग घालणार आहे. एफ १.४ ला काचेतून जाताना थोडी मऊपणाची शक्यता आहे, पण एफ २ ते २.८ वर मला त्याची चिंता वाटत नाही.

समोरच्या शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) काढून मागे घालायच्या, भिंत, छत आणि आकाश परत शूट करायचं. २८ मिमी लेन्सच्या चाचण्या जीजी उलटवल्यावरच टाकेन, म्हणजे जुन्या-नव्या फुटेजची सरमिसळ होणार नाही. तुमच्यापैकी कोणी २ मिमीची काच उलटी बसवली असेल, तर एफ १.४ चे कोपरे कसे आले ते जरूर सांगा.