तुम्ही विचारलंत म्हणून : रिपोर्टमध्ये एवढंच का?

जळगावच्या लॅबमधून 'अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया' (झपाट्याने वाढणारा एक रक्ताचा कॅन्सर) असा रिपोर्ट गेला की नातेवाईक येतात, कधी त्यांचे डॉक्टरही फोन करतात : "साहेब, पुढचा प्रकार लिहिलाच नाही. मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही का?"

दिसतो की, पण जुन्या हिशेबाने. 1976 च्या फॅब (फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश) पद्धतीत रंगवलेली स्लाइड पाहूनच प्रकार ठरायचा, एम2, एम3 असे आकडे देऊन. लेशमनचा रंग आणि एमपीओ (पेशीतलं एक एन्झाइम दाखवणारा रंग) इथेही होतात. निदान 3 टक्के ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, एमपीओने रंगल्या की मायलॉइड म्हणायचं. आता मात्र प्रकाराचं नाव बरंचसं जनुकांवरून पडतं. 2022 मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेचं एक आणि आयसीसी नावाचं दुसरं अशी दोन वर्गीकरणं आली, म्हणजे एकाच पेशंटला दोन नावं मिळू शकतात. मोठ्यांचं भांडण, आपण काय बोलणार! या नावासाठी गुणसूत्रंही पाहावी लागतात, आणि त्याला जिवंत पेशी लागतात. मे महिन्यात खान्देशात पारा 45 कडे जातो, तेव्हा नमुन्याची नळी (आत रक्त साकळू न देणारं हेपरिन असतं) थंड डब्यातूनच मुंबईला पाठवावी लागते, आणि तीही बर्फासारखी गोठू न देता.

ही नावं थांबू शकतात. एम3, म्हणजे एपीएल (अक्यूट प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया), थांबत नाही. त्यात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते आणि पहिल्या काही दिवसांतच मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. म्हणून मी आधी तेच शोधतो : दाणेदार प्रोमायलोसाइट (अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी), त्यांतल्या ऑअर रॉड नावाच्या काड्यांच्या जुड्या, घसरलेलं फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन). एम3 चाच एक भाऊबंद फार फसवा. त्यात दाणे जवळजवळ दिसतच नाहीत, केंद्रक दुभंगलेलं, वरवर पाहिलं तर मोनोसाइटच (दुसऱ्याच जातीची पांढरी पेशी) वाटावा. पण एमपीओ लावला की पेशी गच्च रंगतात. मोनोसाइटच्या जातीत तो फिका किंवा नसतोच. शंका आली की रिपोर्ट टाइप व्हायच्या आत डॉक्टरांना फोन करतो. अ‍ॅट्राच्या (एपीएलवरचं औषध) कॅप्सूल नुसत्या संशयावरही सुरू करायच्या असतात. पीएमएल-राराचा (एपीएल पक्का करणारा जनुकांचा जोड) रिपोर्ट मागाहून येऊ द्या. तो निगेटिव्ह आला तर कॅप्सूल बंद करता येतात.

एम3 नाही असं वाटलं, तर 'एम2' किंवा 'एम4' लिहायला हात शिवशिवतात, पण लिहीत नाही. त्या आकड्यावरून घरचे लोक रात्रभर मोबाइलवर आयुष्य मोजत बसतात, आणि उपचार त्यावर ठरतही नाहीत.

मुंबईला निघताना बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) न रंगवलेल्या स्लाइड्स मात्र मागून न्या. पीएमएल-राराची फिश (जनुकांचा जोड चमकत्या रंगाने दाखवणारी) तपासणी त्यांच्यावरही होऊ शकते.