ओक रोडच्या घरांखालून मैदानात: ल्यूटनची शनिवारची मॅच

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं इंग्लंडात शिकायला आली की फुटबॉलची एक तरी मॅच मैदानात बसून बघायची, असं ठरवतात. नावंही ठरलेली असतात: मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड नाहीतर लिव्हरपूलचं ॲनफिल्ड. तिथलं तिकीट महाग, मिळणं अवघड, आणि मिळालंच तर बहुधा वरच्या मजल्यावरचं, जिथून खेळाडू बोटाच्या पेराएवढा दिसतो. आमचा आग्रह आहे की आधी लंडनच्या उत्तरेकडच्या ल्यूटनला जा. ल्यूटन टाउन क्लब १९०५ पासून केनिलवर्थ रोडच्या मैदानावर खेळतो. तिथे जेमतेम १२ हजार माणसं मावतात आणि खेळाडू एकमेकांना काय ओरडतात तेही पुढच्या रांगांत ऐकू येतं. स्टेशनजवळ पॉवर कोर्ट नावाच्या जागेवर २५ हजार खुर्च्यांच्या नव्या मैदानाला परवानगी मिळालेली आहे, त्यामुळे जुनं मैदान पाहायचं तर फार वेळ दवडू नका.

लहान मैदानाची खरी मेख फाटकाच्या बाहेर असते. तुमचं तिकीट कुठल्या बाजूचं आहे हे नीट कळलं, की निम्मं काम झालं.

तिकीट क्लबच्या संकेतस्थळावर खातं उघडूनच काढा. ल्यूटन २०२३-२४ चा एक हंगाम प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत होता, तेव्हा जुन्या सभासदांनाही तिकीट मिळता मिळत नव्हतं. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं संघ खालच्या श्रेणीत घसरला. खेळाच्या दृष्टीने वाईट, पण नवख्या प्रेक्षकाला जागा मिळणं सोपं झालं. मोठ्या सामन्याला मात्र आधीच्या खरेदीची नोंद मागतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी ‘एक तिकीट जास्तीचं आहे’ म्हणालं तर घेऊ नका. इंग्लंडात फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि असं तिकीट फाटकावर बाद झालं तर पैसेही गेले.

जागा निवडताना ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’, म्हणजे मैदान पुरतं दिसत नाही, हे दोन शब्द शोधा. १९२१ साली आगीत जुना मेन स्टँड जळाला, त्यानंतर उभा राहिलेला आजही वापरात आहे. लाकडी खुर्च्या, आणि छपराला आधार देणारे खांब. खांबाच्या मागची खुर्ची स्वस्त असते, पण एका बाजूचा गोल तुम्हाला लोकांच्या आरड्यावरूनच कळेल.

होम (यजमान) आणि अवे (पाहुणे) हा फरक इथे फार कडक पाळतात. पाहुण्या संघाचे प्रेक्षक वेगळ्या रस्त्याने येतात, वेगळ्या स्टँडमध्ये बसतात, त्यांची तिकिटं त्यांच्याच क्लबकडून मिळतात. त्यामागे कारण आहे. १३ मार्च १९८५ ला लंडनच्या मिलवॉल क्लबविरुद्धच्या सामन्यात याच मैदानावर मोठी दंगल झाली. पुढे १९८६ पासून सलग चार हंगाम ल्यूटनने बाहेरच्या प्रेक्षकांना प्रवेशच बंद केला होता. म्हणून होमच्या बाजूला बसणार असाल तर पाहुण्या संघाच्या रंगाचा मफलरसुद्धा नको. ल्यूटनचा रंग नारिंगी. आपला साधा काळा किंवा करडा कोट सगळीकडे चालतो.

आता गाडी. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातून तळघरातल्या फलाटांवरून थेम्सलिंक कंपनीच्या गाड्या सुटतात. जलद गाडी असेल तर पाऊण तासाच्या आत पोचता. इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात ती नावाला. ‘ल्यूटन एअरपोर्ट पार्कवे’ हे आधीचं स्टेशन, ‘ल्यूटन’ त्याच्या पुढचं. मुंबईहून भुसावळला निघालेल्या माणसाने जळगावलाच उतरावं, तसं होतं. दुसरी चूक तिकिटाची: स्वस्त तिकिटावर ‘फक्त थेम्सलिंक’ असं लिहिलेलं असेल तर दुसऱ्या कंपनीच्या गाडीत ते चालत नाही, दंड बसतो. आणि मुंबईच्या लोकलला रविवारी जसा मेगाब्लॉक असतो, तशी इकडेही शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात. मग मध्येच गाडीतून उतरवून बसने नेतात. शुक्रवारी रात्री एकदा वेळापत्रक बघाच. मॅचची वेळही त्याच वेळी तपासा. शनिवारी दुपारी ३ ही नेहमीची वेळ, पण टीव्हीसाठी ती साडेबारावर किंवा दुसऱ्याच दिवशी ढकलली जाते. तिकीट काढल्यावर वेळ बदललेली बघितली नाही म्हणून रिकाम्या मैदानासमोर उभे राहणारे लोक दर हंगामात सापडतात.

स्टेशनपासून मैदान सुमारे दीड किलोमीटर. गाडी घेऊन जाऊ नका, आसपासच्या गल्ल्यांत पार्किंग रहिवाशांसाठी राखलेलं असतं. डनस्टेबल रोडने चालत बरी पार्कमध्ये शिरलात की पाट्या, कापडाची दुकानं, मिठाईचा वास ओळखीचा वाटायला लागतो. पाकिस्तानी, बांगलादेशी, काश्मिरी कुटुंबांची ही वस्ती. जेवण इथेच उरका. आत मिळते ती पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत भरलेलं मांस, आणि चिप्स. थंडीत सगळे हातात पेला धरून वाफाळतं काळं पेय पीत असतात, ते बोव्हरिल. चहा किंवा कोको समजून आई-बाबांच्या हातात देऊ नका. तो गोमांसाचा अर्क असतो. माळकरी माणूस बरोबर असेल तर हे आधीच सांगून ठेवा.

मॅचच्या तासभर आधी मैदानाला लागून असलेल्या ओक रोडच्या टोकाला जाऊन उभे राहा, होमचं तिकीट असलं तरी. लाल विटांच्या, एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग आहे, आणि त्याच रांगेत माडीच्या खाली फाटक. पाहुण्यांचे प्रेक्षक त्या बोळातून आत जातात, जिने चढतात आणि लोकांच्या परसातल्या वाळत्या कपड्यांवरून स्टँडमध्ये उतरतात. जुन्या जळगावातल्या एखाद्या गल्लीत दोन घरांच्या मधून वाट काढत जावं आणि पुढे अचानक क्रीडा संकुल लागावं, अशी कल्पना करा. तिथे माणसं राहतात, खिडक्यांत मोबाइल घालू नका.

फिरतं फाटक अरुंद असतं आणि एका स्कॅनला एकदाच फिरतं. आधी ढकललं तर अडतं. चौघांची तिकिटं एकाच फोनमध्ये असतील तर फोनवाल्याने शेवटी जावं. एक तिकीट दाखवायचं, एक माणूस आत, मग पुढचं. तिकीट घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या, कारण हजारो फोन एका गल्लीत आले की नेट मरतं. थंडीत बॅटरीही भरभर उतरते. पाठीवरची मोठी सॅक नेऊ नका, काचेची बाटली आणि डबाबंद पेय अडवतात. गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील तर क्लबला आधी कळवून जिने नसलेली जागा मागा.

आत बिअर मिळते, पण ती स्टँडमागच्या बोळातच संपवावी लागते. १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा ठिकाणी दारू पिता येत नाही. मध्यंतर फक्त १५ मिनिटांचं, आणि स्वच्छतागृहाची रांग त्याहून लांब. लहान मूल बरोबर असेल तर ४२-४३ व्या मिनिटालाच उठा.

थंडीचं नीट मनावर घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यामुळे अंगात स्वेटर घालायची सवय नसते. डिसेंबरात ल्यूटनला चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे अर्धी मॅच अंधारात. हुडहुडी पायांतून चढते, कारण खाली काँक्रीट असतं. दोन जोड मोजे आणि जाड तळाचे बूट घाला. पुढच्या चार-पाच रांगांत छपराखालीही पाऊस येतो, आणि छत्री उघडली तर मागचे ओरडतात.

ल्यूटनला ‘हॅटर्स’ म्हणतात, कारण गाव गवती टोप्यांच्या धंद्यावर मोठं झालं. ती आरोळी तुम्हीही द्या, शेजारच्या म्हाताऱ्याला बरं वाटेल.

मॅच पाचच्या आसपास सुटते. पहिली गाडी पकडायला धावू नका. फलाट भरलेला असतो, आणि पोलीस पाहुण्यांची रांग वेगळी काढत असतात. बरी पार्कात परत शिरून चहा आणि भाजीचा समोसा घ्या, अर्ध्या तासाने स्टेशन मोकळं होतं.