बादलीत बुडालेले नळीचे टोक

बागेतील झाडांवर फवारायचे कीटकनाशक कालवताना नळाला लावलेल्या रबरी नळीचे टोक बादलीच्या तळाशी सोडून देण्याची सवय मला कित्येक वर्षे होती. पाणी नळातून बादलीत येते, बादलीतून नळात कसे जाईल, असा प्रश्नही कधी मनात आला नव्हता. पिण्याच्या पाण्याच्या जोडण्यांविषयी वाचू लागल्यावर ही समजूत किती कच्ची होती ते लक्षात आले आणि ती सवय मी त्याच आठवड्यात सोडली.

पाण्याला नळाची दिशा ठाऊक नसते. ते जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, एवढेच. मुख्य वाहिनी फुटली, जवळपासची आग विझवण्यासाठी वाहिनीतून एकदम पुष्कळ पाणी उपसले गेले किंवा कुणी थेट वाहिनीलाच पंप जोडून पाणी खेचू लागले, तर वाहिनीतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही खाली उतरू शकतो. मग बादलीतील पाण्यावर भार देणारी हवाच ते पाणी नळीतून वर चढवते. वाहिनीत पूर्ण निर्वात झाल्यास हवेचा दाब पाण्याला सुमारे 10 मीटर उंच नेऊ शकतो. बादलीपासून नळापर्यंतचा मीटरभराचा चढ पार करायला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. याउलट, बॉयलर, पंप किंवा उंचावरील टाकी यांचा दाब वाहिनीतील दाबापेक्षा वाढला, तर तेथील पाणी वाहिनीत मागे ढकलले जाते. दोन्ही प्रकारांत घरातील कुणालाही काही जाणवत नाही आणि दाब पूर्ववत झाला की तेच पाणी शेजारच्या घरातील पेल्यात पोहोचते.

1933 साली शिकागोमध्ये जागतिक प्रदर्शन भरले असताना तेथील हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांमध्ये अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली आणि त्यात 98 जण मृत्युमुखी पडले. तपासात दोष निघाला तो इमारतींमधील जुन्या, सदोष नळजोडण्यांचा, ज्यांतून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. पाण्यात क्लोरीन असतेच, मग भीती कशाची, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की या अमीबाचे कवचबंद रूप पाणीपुरवठ्यात ठेवल्या जाणाऱ्या क्लोरीनच्या मात्रेला सहसा दाद देत नाही.

1969 मधील घटना मला अधिक अस्वस्थ करते, कारण तिच्यात कुणीही बेपर्वाईने वागल्याचे दिसत नाही. अमेरिकेतील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातील बहुतेक खेळाडूंना कावीळ झाली आणि दोन सामन्यांनंतर त्यांना उरलेला हंगाम रद्द करावा लागला. सरावाच्या मैदानाकडे जाणाऱ्या वाहिनीवर जमिनीखालील खोलगट पेट्यांमध्ये पाण्याचे नळ बसवलेले होते आणि त्या पेट्यांत साचणाऱ्या पाण्यात जवळच राहणारी, काविळीची लागण झालेली मुले खेळत असत. जवळच लागलेल्या आगीमुळे वाहिनीतील दाब घसरला, पेट्यांतील पाणी आत ओढले गेले आणि पुढे तेच खेळाडूंच्या पिण्यात आले, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनी काढला.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत स्वस्तही आहे, तो म्हणजे मोकळी हवा. नळाचे तोंड आणि भांड्याचा काठ यांमध्ये नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट, आणि कोणत्याही परिस्थितीत 25 मिलिमीटरपेक्षा कमी नाही, इतके अंतर ठेवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. या अंतरात झिजणारा, अडकणारा किंवा गंजणारा एकही भाग नाही. पण आपणच ते बुजवून टाकतो. बेसिनच्या नळाला कुणी लांब नळी जोडतो, टाकीत पाणी सोडणारा पाइप पाण्याखाली जाईल इतका लांबवतो, शौचालयातील जेट स्प्रे बादलीत टाकून ठेवतो, आणि कुशल प्लंबरने विचारपूर्वक राखलेले अंतर तिथल्या तिथे नाहीसे होते.

जिथे मोकळी जागा ठेवणे शक्य नसते तिथे उपकरणे लागतात. बागेच्या नळावर हवा आत घेऊन निर्वात मोडणारे छोटे उपकरण बसवता येते. मात्र त्याच्या साध्या प्रकारानंतर बंद करण्याचा व्हॉल्व्ह कधीही लावू नये, कारण सतत दाबाखाली राहिल्यास त्याची चकती बसल्या जागी चिकटते. एकट्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर माझा भरवसा नाही: वाळूचा एक कण बैठकीवर अडकला तरी तो गळू लागतो, आणि बाहेरून मात्र पूर्वीसारखाच दिसतो. रुग्णालये आणि रासायनिक कारखाने यांसारख्या जोखमीच्या ठिकाणी वापरले जाणारे उपकरण मला म्हणूनच विशेष आवडते. त्यात दोन व्हॉल्व्हच्या मधल्या कप्प्यातील दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा मुद्दाम कमी राखलेला असतो; व्हॉल्व्ह गळू लागून तो फरक कमी झाला, की कप्प्याखालचे तोंड उघडते आणि पाणी वाहिनीत परतण्याऐवजी जमिनीवर सांडते. असे सांडणारे पाणी दिसताच ते तोंड बूच मारून बंद करू नये, उपकरण तपासून घ्यावे. आणि काहीही सांडत नसले तरी वर्षातून एकदा प्रशिक्षित माणसाकडून त्याची चाचणी करून घ्यावी.