सेंटर चालवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

व्हिज्युअल न्यूरोसायन्सचं, म्हणजे डोळ्यांना दिसलेलं मेंदू कसं समजून घेतो याच्या अभ्यासाचं सेंटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मेंदूचे रंगीत स्कॅन येतात, आणि मी ते सेंटर सांभाळते म्हटल्यावर मी दिवसभर तेच बघत असणार असं वाटतं. माझा दिवस जातो बजेटच्या शीट्समध्ये, एथिक्स कमिटीच्या परवानग्या रिन्यू करण्यात, प्रोग्रेस रिपोर्ट लिहिण्यात आणि ईईजीची (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विजेचे सिग्नल मोजायची) रूम कुणाला कधी द्यायची या ओढाताणीत. पण मला हे काम मनापासून आवडतं, आणि का ते आज लिहायचंय.

अमेरिकेत एनआयएचचा, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेचा पैसा बराचसा ठराविक मोठ्या युनिव्हर्सिट्यांकडेच जातो. ज्या राज्यांना तो कमी मिळतो त्यांच्यासाठी १९९३ मध्ये आयडिया नावाची योजना आली, त्यात २३ राज्यं आणि पोर्टो रिको आहेत, आणि २००० पासून त्याच योजनेत कोब्रे नावाची सेंटर ग्रँट मिळायला लागली. फार्गोला नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीत व्हिज्युअल आणि कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्सचं जे सेंटर आहे ते याच पैशावर उभं राहिलं, आमचंही त्याच घडणीचं. ५-५ वर्षांचे ३ टप्पे असतात. पहिल्या दोन टप्प्यांत नवीन लागलेल्या प्राध्यापकांना प्रोजेक्टसाठी पैसे द्यायचे, त्यांच्या पाठीशी अनुभवी लोक उभे करायचे, आणि त्यातल्या कुणाला स्वतःची मोठी ग्रँट मिळाली की त्याने बाहेर पडायचं आणि त्याच्या जागी पुढचा घ्यायचा. म्हणजे तयार झालेला माणूस आपण होऊन सोडायचा, आणि तीच सेंटरची कमाई! मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

पण हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं ते म्हणजे कोअर, म्हणजे सगळ्यांत मिळून वापरायची मशीन्स आणि ती चालवणारी माणसं. मशीन्सचं कौतुक सगळे करतात, माणसांचं कुणीच करत नाही.

एक उदाहरण देते. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे कोडमध्ये चित्र २० मिलिसेकंद दाखव असं कितीही लिहिलं तरी ते एक फ्रेम दिसणार नाहीतर दोन, मधलं काही होऊच शकत नाही. वर कॉम्प्युटर म्हणतो चित्र दाखवलं, आणि स्क्रीन प्रत्यक्षात उजळते थोडी उशिरा. चित्र दिसल्यावर मेंदूची पी-वन नावाची लहर साधारण १०० मिलिसेकंदांच्या आसपास येते, तिथे १५-२० मिलिसेकंदांचा घोळ झाला तर निष्कर्ष चक्क चुकू शकतो. म्हणून आमचा प्रोग्रॅमर प्रत्येक नवीन प्रयोगाआधी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा फोटोडायोड (उजेड पडला की सिग्नल देणारा सेन्सर) चिकटवतो, चित्राबरोबर तिथे पांढरा चौकोन चमकतो आणि त्याचा सिग्नल थेट ईईजीच्या अॅम्प्लिफायरमध्ये जातो, मग खरा उशीर किती ते कळतं. पेपरमध्ये याची एक ओळ येते, कधी तीही नाही.

दुसरं म्हणजे केस. ईईजीची टोपी घालून ६४ इलेक्ट्रोडखाली एकेक करून जेल भरायचं, आणि जेल थेट डोक्याच्या कातडीपर्यंत पोचलं पाहिजे. डोक्याला तेल असेल तर सिग्नल खराब येतो, म्हणून केस धुऊन या, कंडिशनर लावू नका असं आधी कळवतो (आपल्याकडची मुलं चप्प तेल लावून येतात, त्यांना मी मराठीतून वेगळं सांगते). पण दाट कुरळे केस किंवा घट्ट वेण्या असल्या की टोपी नीट बसतच नाही, आणि घाईतला माणूस असा डेटा सरळ बाजूला टाकतो. मग अभ्यास म्हणायला माणसाच्या मेंदूचा आणि त्यात एका प्रकारच्या केसांची माणसंच नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. आमची टेक्निशियन अशा वेळी शांतपणे बारीक भांग पाडत बसते, दुप्पट वेळ गेला तरी चालेल, पण आलेल्या माणसाला परत पाठवत नाही. हे कौशल्य मॅन्युअल वाचून येत नाही, वर्षानुवर्षं हाताखालून माणसं गेली की येतं.

आणि ग्रँट आटली की पहिली हीच माणसं जातात. प्राध्यापकांचा पगार युनिव्हर्सिटी देते, यांचा ग्रँटवर. एका सेंटरमध्ये मी हे जवळून पाहिलंय, प्रोग्रॅमर इंडस्ट्रीत गेला आणि महागातला आय ट्रॅकर (नजर कुठे फिरते ते टिपणारं मशीन) नुसता पडून राहिला, कारण नव्या कॉम्प्युटरशी तो कसा जोडायचा आणि प्रयोगांचं कोड कुठे काय करतं हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या टप्प्यातला पैसा मुख्यतः कोअर टिकवायलाच असतो, पण तोही ५ वर्षांनी संपतोच. पुढे काय, हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारायला हवा असं माझं ठाम मत आहे, तेव्हा सगळे उत्साहात असतात आणि युनिव्हर्सिटी शब्द द्यायला तयार असते.

पुण्या-मुंबईहून पीएचडीसाठी मला मेल येतात, रँकिंग काय, गाईड कोण, वगैरे. मी त्यांना सांगते, लॅबमधली मशीन्स कोण सांभाळतं आणि तो माणूस किती वर्षं तिथे टिकलाय हे आधी विचारा, उत्तर देताना समोरचा अडखळला तर अजून दोन ठिकाणी चौकशी करा.

सध्या मी प्रोग्रॅमर आणि टेक्निशियन दोघांचे पगार युनिव्हर्सिटीच्या कायम बजेटमध्ये घ्यावेत म्हणून प्रस्ताव लिहितेय, कोणत्या प्राध्यापकाचा कोणता डेटा यांच्यामुळे मिळाला याची यादी जोडलीय, पुढच्या आठवड्यात डीनबरोबर मीटिंग आहे. निदान एक जागा तरी मंजूर करून घ्यायचीच आहे.