सॅन डिएगोतली दिवाळी: फुलं कुठून मागवायची आणि काय काय बघायचं

२०२४ च्या दिवाळीत आम्ही फिनिक्सहून गाडीने सॅन डिएगोला ताईकडे गेलो होतो, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की तिकडे फुलं कशी पोचवायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी फुलांचं. नेटवर शोधलं की वरती येतात त्या बऱ्याचशा मोठ्या साइटींचं स्वतःचं दुकानच नसतं, त्या ऑर्डर घेतात, आपला कट काढतात आणि उरलेले पैसे तिथल्या एखाद्या दुकानदाराकडे ढकलतात, मग तो तरी काय देणार त्यात? धाकट्याने पुण्यातून अशीच ऑर्डर दिली होती, फोटोत भरगच्च गुच्छ आणि ताईच्या दारात आली दोन-चार जर्बेरा, बाकी नुसता पाला. त्यापेक्षा मॅपवर ज्यांना फुलं पाठवायचीत त्यांच्या घराजवळचं दुकान शोधा, खरा पत्ता आणि लोकांनी टाकलेले फोटो आहेत का बघा आणि सरळ फोन लावा. बजेट सांगायचं, कोणते रंग हवेत ते सांगायचं आणि म्हणायचं की आज जे ताजं असेल त्यातून बनवा. फोटोतल्यासारखंच हवं म्हणून हट्ट केलात तर जास्त पैशात शिळी फुलं मिळतात. त्याच दिवशी पोचवायचं असेल तर सकाळीच फोन करा, गेटचा कोड आणि घरच्यांचा नंबर द्या, डिलिव्हरी चार्ज वेगळा असतो. आणि भारतातून फोन करणार असाल तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, साडेबारा तासांचा फरक साडेतेरा होतो. त्या वर्षी नेमकी भाऊबीजच होती त्या दिवशी!

झेंडूसाठी मात्र असल्या दुकानात जाऊच नका. त्या वर्षी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि मेक्सिकन लोकांचा दिआ दे लोस मुएर्तोस, म्हणजे मृतांचा दिवस, असतो १ आणि २ नोव्हेंबरला, आपल्या सर्वपित्रीसारखंच पण वाजतगाजत, आणि त्यांचं मुख्य फूल झेंडूच. मुळात तो त्यांच्याच मुलखातला, आपल्याकडे नंतर आला. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी बॅरिओ लोगन, चुला व्हिस्टा भागातल्या मेक्सिकन दुकानांबाहेर झेंडूच्या बादल्याच्या बादल्या असतात. दांडे हे एवढे लांब आणि फुलं चांगली गच्च. ताईने ओट्याशी उभं राहून कात्रीने फुलं कापली, सुईत जाड दोरा ओवला, बोटं पिवळी झाली, घरभर तो उग्र वास, दाजींना शिंका सुरू, पण तोरण काय झालं म्हणून सांगू! आंब्याची पानं मिरामेसाकडच्या भारतीय दुकानात मिळाली, ती लवकर संपतात.

बॅरिओ लोगनला गेलातच तर चिकानो (म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन) पार्क चुकवू नका. कोरोनाडो पुलाच्या खांबांवर सगळीकडे भित्तिचित्रं आहेत. १९७० साली तिथे हायवे पोलिसांचं ठाणं होणार होतं, लोकांनी जागाच अडवून धरली आणि बाग करून घेतली. मला तर संध्याकाळच्या ओल्ड टाउनपेक्षाही हेच आवडलं. ओल्ड टाउनला, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, त्या मृतांच्या सणाला दुकानादुकानात फुलांनी सजवलेल्या वेद्या असतात, प्रवेश फुकट, पण पार्किंगची बोंब, ट्रॉलीने (तिकडची शहरातली रेल्वे) जा. कोरोनाडोचा पूल आणि १८८८ चं हॉटेल डेल कोरोनाडो बघून होतं अर्ध्या दिवसात. बाल्बोआ पार्क रविवारी ठेवा, दुपारी दोनला ऑर्गनचा फुकट कार्यक्रम असतो. तिथली लाकडी पट्ट्यांची बोटॅनिकल बिल्डिंग १९१५ ची, आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीला बंद होती, डिसेंबरात उघडली. मिडवे विमानवाहू जहाज पोरांना आवडतं, मला पायऱ्या चढून कंटाळा आला.

आईबाबा येणार असतील तर मार्च ते मे बघा, कार्ल्सबाडला टेकडीवर पन्नासेक एकर रॅननक्युलस नावाचं फूल फुललेलं असतं, मदर्स डेच्या सुमारास हंगाम संपतो. पण मे-जूनमध्ये किनाऱ्यावर सकाळभर मळभ असतं हे धरून चला. आणि मदर्स डेची फुलं तिकडे आधीच बुक करा कारण अमेरिकन मदर्स डे मेच्या दुसऱ्या रविवारी आणि मेक्सिकन कायम १० मेला, त्या आठवड्यात दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते.

सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिजुआनाला जायचं तर ट्रॉलीची ब्लू लाइन थेट सॅन इसिद्रोला सीमेपाशी सोडते. पासपोर्टवर चालू अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, पण व्हिसाची मुदत संपलेली असेल तर आधी वकिलाला विचारा, परत येताना भानगड नको. तिकडून फुलं आणलीत तर सांगावीच लागतात, गुलाब तपासून सोडतात, शेवंती मात्र काढूनच घेतात, रोगाच्या भीतीने.

फिनिक्सकडून येताना आय-८ महामार्गावर युमानंतर फळं-झाडं विचारतात आणि पाइन व्हॅलीजवळ बॉर्डर पॅट्रोल (सीमेवरचे पोलिस) थांबवतं, कागद हाताशी ठेवा. परतताना ताईच्या शेजारणीने कढीपत्त्याचं रोप देऊ केलं, ते घेऊ नका, लिंबूवर्गीय झाडांच्या किडीमुळे ते जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी आहे, फांदीसुद्धा नको.