धडक बरोबर होती का, तुम्ही विचारलंत म्हणून

देवमाशांवरचं माझं बोलणं संपलं की प्रश्न ठरलेला असतो. पेडण्याच्या वाचनालयात तोच, डिचोलीच्या शाळेत तोच. परवा फोंड्यात एका निवृत्त शिक्षकांनी तो जरा चढ्या आवाजात विचारला : "तुम्ही स्वतः पस्तीस वर्षं बोटीवर काढलीत. मग देवमासे वाचवायला शिकाऱ्यांच्या बोटीला धडक देणारे, तिच्या पंख्यात दोर अडकवणारे लोक तुम्हाला बरोबर वाटतात की चूक? एका शब्दात सांगा."

एका शब्दात मला कधीच सांगता आलेलं नाही. मी टाळतो असं तुम्हाला वाटतं, आणि ते खरं आहे. म्हणून आज लिहून सांगतो.

त्याआधी दुसरा प्रश्न. "बांगडा खाता, मोरी (लहान शार्क) खाता, मग देवमाशाचाच कळवळा का?" बांगडा खातो आणि खात राहीन. तो हजारोंनी अंडी घालतो. देवमाशाची मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि वर्षभर त्याला वागवते. मोरीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. तीही थोडीच पिल्लं देते. मी ती घरात आणणं सोडलंय, पण फार उशिरा.

आता धडक. १९७५च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेची माणसं रबरी होडी घेऊन सोव्हिएत शिकारी बोट आणि देवमासे यांच्या मधे उभी राहिली. भाला त्यांच्या डोक्यावरून गेला. ते चित्रण जगभर दाखवलं गेलं. सात वर्षांनी, १९८२मध्ये, आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण जिथे मधे कोणी उभं नव्हतं तिथे काय झालं, ते आपल्याच समुद्रात दिसतं. १९६५-६६मध्ये सोव्हिएत ताफ्यांनी या अरबी समुद्रात २४२ हंपबॅक जातीचे देवमासे मारले, तेही जगापासून लपवून. आकडे बाहेर आले ते नव्वदच्या दशकात. हे हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारा महिने याच समुद्रात राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर आता ते शंभरही नसावेत असा अंदाज आहे. हे मी सांगतो तेव्हा सभागृह शांत होतं. आणि मग पुन्हा कोणीतरी विचारतं, पण धडक?

तर ऐका. मी सतरा वर्षांचा होतो. मोरजीला आमची रापण होती, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, वीस-बावीस घरांनी मिळून कर्जावर घेतलेलं. ट्रॉलर आले आणि रात्री किनाऱ्याला खेटून जाळी ओढू लागले. एकदा आमची रापण मधोमध फाडून गेले. अर्ज झाले, मामलेदाराकडे खेटे झाले, रापणकारांचे नेते माथानी साल्ढाणा यांच्या मागे मोर्चे झाले. ट्रॉलर येतच राहिले. एका रात्री काका म्हणाले, चला. होडीत आम्ही चौघं, मधे सुंभाच्या जुन्या दोराचं वेटोळं. दोर सोडायचं काम मला कोणी दिलं नव्हतं. मी ते मागून घेतलं होतं.

ट्रॉलरचा दिवा जवळ आला तशी काकांनी होडी त्याच्या पुढून तिरकी काढली आणि मी दोर सोडला. आधी इंजिनाचा आवाज जड झाला, मग दोन दणके बसले, मग नुसत्या लाटा. आम्ही हर्षाने ओरडलो. वायव्येचा वारा होता. त्यांनी नांगर टाकला, तो धरेना. ट्रॉलर आडवा झाला आणि शापोऱ्याच्या किल्ल्याखालच्या खडपांकडे सरकू लागला. वर पाच खलाशी होते. मालक घरी झोपलेला. त्यातला एक माझ्याच वयाचा, कारवारपलीकडचा असावा. तो कानडीत ओरडत होता. शब्द कळत नव्हते, पण काय म्हणतोय ते कळत होतं.

मी म्हटलं, "काका, जाऊया." काका म्हणाले, "राव. मातसो राव." थांब, जरा थांब.

किती वेळ थांबलो? मी अनेक वर्षं पाच मिनिटं सांगत आलो. माझा चुलतभाऊ अर्धा तास म्हणतो. त्याला तेव्हापासून आजपर्यंत खोटं बोलायचं काही कारण पडलेलं नाही. मग काकांनीच होडी वळवली. चौघं नीट उतरले. तो मुलगा होडीच्या काठाला धरून खाली येत असताना लाट आली आणि होडी ट्रॉलरवर आदळली. त्याचा हात मधे होता. तीन बोटं गेली. होडीत तो माझ्या शेजारी बसला होता आणि अजिबात रडत नव्हता. म्हापशाला नेलं तेव्हा आम्ही सांगितलं, अपघात झाला. दोराचं कोणी बोललं नाही. मीही नाही.

पुढे मी सेकंड इंजिनिअर झालो. इंजिन बंद पडलेली बोट म्हणजे काय, ते तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. १७च्या मुलाला ते माहीत नव्हतं, असं मी स्वतःला समजावतो. पण खडपं तर दिसत होती ना रे तुला?

म्हणून अंटार्क्टिकाकडच्या बर्फात जपानी शिकारी बोटींच्या पंख्यात दोर टाकणाऱ्यांची चित्रफीत पाहताना माझ्या पोटात गोळा येतो. २००७च्या फेब्रुवारीत सी शेफर्ड या आंदोलक संघटनेचे दोघं रबरी होडीसह धुक्यात हरवले. जिच्याशी झुंजायला आले होते त्या निश्शिन मारू या जपानी शिकारी जहाजानेच शोधात मदत केली. ते सापडले. आठवडाभरात त्याच निश्शिन मारूला आग लागली, एक तरुण खलाशी मेला, आणि बोट कित्येक दिवस त्या पाण्यात इंजिनाशिवाय पडून होती. ती आग आंदोलकांनी लावलेली नव्हती. पण दोर नीट अडकला असता तर बोटीची हीच अवस्था झाली असती, हे मी कसं विसरू? ६ जानेवारी २०१०ला सी शेफर्डची बोट आडी गिल आणि जपानी ताफ्यातली शोनान मारू २ यांची टक्कर झाली. न्यूझीलंडच्या चौकशीत दोन्ही बाजूंचा दोष निघाला. मला ते पटतं.

मग कोर्टात जा म्हणाल. गेले. ३१ मार्च २०१४ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, जपान संशोधनाच्या नावाखाली शिकारीचे जे परवाने देतो ते नियमात बसत नाहीत. जपान एक मोसम थांबला आणि नवी योजना आखून ३३३ मिंकी देवमासे मारायला पुन्हा गेला. २०१९मध्ये तो आयोगातूनच बाहेर पडला, अंटार्क्टिका सोडून स्वतःच्या समुद्रात उघड व्यापारी शिकार करू लागला. अंटार्क्टिका सुटला तो बोटींमुळे, कोर्टामुळे, की मांसाला गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून? प्रत्येक जण आपापलं उत्तर छातीठोक सांगतो.

आमच्याकडे गोव्यात १९८०मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. काका मरेपर्यंत म्हणायचे, दोरामुळे झाला. मोर्च्यातले लोक म्हणतात, मोर्च्यामुळे. मी दोन्हींकडे होतो, आणि दोन्हींपैकी काही काढून टाकायची माझी तयारी नाही. ती तीन बोटंही काढून टाकता येत नाहीत. तो मुलगा मासळीतल्या हिश्शाचा धनी नव्हता, नुसता भत्त्यावर होता. तो घरी परत गेला एवढंच कळलं.

फोंड्याच्या गुरुजींना मी त्या दिवशी "चूक" म्हणालो आणि घरी येईपर्यंत मला ते खोटं वाटू लागलं. "बरोबर" म्हणालो असतो तरी तेच झालं असतं.

आडी गिलची चित्रफीत मी नेहमी टकरीच्या आधी थांबवतो. तांत्रिक अडचण आहे, असंही एकदोनदा सांगितलंय. पुढच्या महिन्यात केरीच्या शाळेत बोलायचं आहे. तिथे ती शेवटपर्यंत चालू ठेवीन, आणि त्यानंतर दोराचं सांगीन.