तीन अक्षरं कमी

संपादक मंडळाचा मेसेज आला की तुझ्या वर्गमित्राची कविता स्मरणिकेत घेतोय, सोबत तू दोन शब्द लिही. आता दोन शब्द म्हणजे काय ते मला पक्कं माहितीये, शाळेत बाई पण असंच म्हणायच्या आणि मग दोन पानं मागायच्या.

तर आमचा कवी. नाव कवितेखाली आहेच. ८९ ची दहावीची बॅच, खिडकीकडचा तिसरा बाक. नववीत बाईंनी वृत्तं शिकवली आणि ह्याचं डोकंच फिरलं, गण लक्षात ठेवायचे शब्द, यमाचा मानावा ताराप राधिका, सगळं तोंडपाठ, पण गण पाडायला, म्हणजे ओळीचे तीन-तीन अक्षरांचे गट करायला बसला की हमखास घोळ, मग मी त्याच्या वहीत पेन्सिलने लघु-गुरूच्या (आखूड-लांब अक्षरांच्या) खुणा करून द्यायचो. (यमाचा म्हटलं की मागून कोणीतरी "रेडा!" ओरडायचं, ते वेगळंच.) त्यातल्या त्यात भुजंगप्रयात हे वृत्त त्याला जमायचं, य गण चारदा, लघु गुरू गुरू, ओळीत बारा अक्षरं, आणि मनाचे श्लोक लहानपणापासून कानात बसलेले त्यामुळे चाल आपोआप लागायची.

मी ठाण्याला आलो, तो तिथेच राहिला, श्रीवर्धनला, वाडी (बाग) सांभाळायला. लग्न झाल्यावर विहिरीकडचा पडीक तुकडा होता तो वहिनींनी हातात घेतला, रोठा जातीच्या सुपारीची रोपं स्वतः केली, सावलीला आधी केळी लावल्या, आणि मग काय, थांबा. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, पाच-सहा वर्षं तरी काही देत नाही. मी गेलो की चेष्टा करायचो, वहिनी अजून किती, तर म्हणायच्या भावोजी तुम्ही चहा घ्या.

२०१९ ला दिवाळीनंतर वहिनी गेल्या. आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, ते आपल्या श्रीवर्धनवरूनच गेलं, इथल्या लोकांना वेगळं काय सांगायचं. लॉकडाऊनमुळे मला जायला दिवाळी उजाडली. वाडीत उभं राहिलो तर वर नुसतं आभाळ, जिथे भर दुपारी अंधार असायचा तिथे. पोफळीला फांद्या नसतात हो, शेंडा मोडला की झाड संपलं, बाजूने फुटवा येत नाही. आडवी पडलेली खोडं त्याने कडेला रचून ठेवलेली आणि विहिरीकडच्या तुकड्यात परत केळी लावलेल्या, गुडघाभर. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा म्हणे ह्याने एकेक झाड बोट लावून मोजून दिलं. ज्याला आयुष्यात बारा अक्षरं धड मोजता आली नाहीत त्याने!

बोलला काहीच नाही. मी पण नाही विचारलं, चुकलंच माझं. ती कविता आता पाच वर्षांनी आली, संपादकांनी फॉरवर्ड केली तेव्हा. प्रेम, आठवण असले शब्द त्यात कुठेच नाहीत, नुसतं वाडी शिंपणं आहे. सुरुवातच अशी,

पुन्हा रोप लावून पाणी दिले मी

आता हे चोख भुजंगप्रयात आहे, बोटांवर मोजा. पुढच्या सगळ्या ओळी पण चोख, मला खरंच आश्चर्य वाटलं. आणि शेवटची,

सुपारी धरेतो उभा मी

नऊच अक्षरं. एक अख्खा य गण गायब. सवय जात नाही ना, लगेच फोन लावला, म्हटलं अरे शेवटी तीन अक्षरं कमी पडतायत, शेवटी घाई केलीस. तो म्हणाला, "मोजलीस ना? बरं झालं." आणि मग पंपाची मोटर जळली, वायंडिंगला दिलीये, महावितरणचं व्होल्टेज, असलं दहा मिनिटं चाललं.

फोन ठेवला, चहा टाकला, आणि चहा उकळताना माझ्या लक्षात आलं. वहिनींच्या नावात तीनच अक्षरं. पहिलं लघु, पुढची दोन गुरू. हाक मारायची तर त्या ओळीच्या शेवटी बरोब्बर बसतं. मी मोठ्याने म्हणून बघितलं एकदा, चहा ऊतू गेला.

परत फोन केला नाही. काय बोलणार होतो. या मे महिन्यात जाणार आहे, विहिरीकडच्या दोन-तीन पोफळींना यंदा फुलोरा दिसतोय असं म्हणत होता मोटरच्या बोलण्यात.

बाकी संपादक मंडळाला एवढंच सांगणं की प्रूफ बघताना कोणी हुशारी करून ती ओळ पूर्ण करू नका. टिंबं पण नकोत. जागा तेवढी सोडा.